वीसवर आणखी

दीपमालाचं बूड एका जागी टेकत नाही, हे रायपूरच्या बूढापाऱ्यात सगळ्यायले माहीत आहे. सिग्नलवर ई-रिक्शा उभी असली तरी तिचा पाय हालूनच राहते. लाल बत्ती म्हणजे तिले आपल्यालेच दिलेली शिवी वाटते. शाळेत होती तवाही असंच. नववीत सरनं विचारलं, "बाहेर काय पाहून राहिली?" हिनं सांगतलं, "रस्ता." सर म्हणे, "मंग रस्त्यावरच जा." गेली. पुन्हा आलीच नाही.

घरात मोठा तमाशा झाला. तिची आई कांताबाई धड जेवेना. नात्यातले झाडून सारे येऊन भाषण देऊन गेले. रेल्वेतल्या मामानं तं भिंतीवरच्या बाबासाहेबायच्या फोटोकडं बोट दाखवलं अन् म्हणे, "त्यायच्याकडं पाह्य अन् मंग सांग, काहून सोडली शाळा?" दीपमालानं फोटोकडं पाह्यलं. तिले खरंच वाईट वाटलं. पण बाकावर बसून तिच्या पायात मुंग्या येत, डोकं गरम होई, याचं उत्तर कोणत्या फोटोत आहे?

भाषण दिलं नाही असा एकच माणूस होता. समोरच्या घरातले बाबाराव काका. सरकारी हापिसातून रिटायर, अंगात पांढरा बुशशर्ट, तोंडात सुपारी. ते आपल्या ओट्यावर बसले होते. दीपमाला रडका चेहरा घेऊन बाहेर आली तं त्यायनं पत्त्यायची गड्डी पुढं केली.

"इक्कीस खेळशील काय?"

"मले नाही येत."

"मंग बस. येते का नाही ते पाहू."

ती बसली. शाळेत बसली नाही तेवढी त्या ओट्यावर बसली.

इक्कीस सोपा आहे. प्रत्येकाले दोन पत्ते. चित्राचे दहा, एक्का एक नाहीतर अकरा, बाकी जे लिहिलं ते. एकवीसच्या जेवढं जवळ जाता येईल तेवढं जायचं. आणखी पत्ता पाह्यजे तं "आणखी" म्हणायचं, नको तं "बस". एकवीसच्या वर गेलं की त्या ओट्यावर म्हणत, जळाला. पत्ते वाटणारा तो बँक. बँकेचा एक पत्ता उघडा, एक झाकलेला. सगळ्यायचं झालं की बँक आपला झाकलेला उघडते अन् सतरा होतपर्यंत ओढत जाते. सगळेच जळाले तं बँकेले काही उघडायचं काम नाही, पत्ते गोळा, नवा डाव.

"आपले पत्ते तं कोणीही पाहते," काका सांगत. "तू बँकेचा उघडा पत्ता पाह्यत जा. तिथं पंजी-छक्की असली तं तेरा-चौदावरही गप बसायचं, बहुतेक बँकच जळते. अन् तिथं बादशाह, दश्शी, नव्वी असली तं पंधरा-सोळावर बसून काही होत नाही. भेव वाटलं तरी मागायचं."

शिकवायचे असे, अन् स्वतः खेळले की बारावर "बस". समोर बादशाह असो का कोणी. विमलाकाकू, म्हणजे त्यायची बायको, आतून कांदा कापता कापता ओरडे, "पोरीले वाघ बनवून राहिले अन् स्वतः शेळी!" काकाची सारी नोकरी एका खुर्चीवर झाली. बदलीवर मोठ्या पदाचा कागद आला तवाही ते म्हणे, बस. घराले लागून बूढा तालाब, सकाळी तिथं एक चक्कर, दुपारी ओटा. आणखी काय पाह्यजे माणसाले?

अन् दीपमाला सतरावर मागे. अठरावर मागे. जळे, अन् पाय आपटे. तिचं नावच पडलं, आणखी. "ए आणखी, चाय घेऊन ये." असं.

पैसे लावायचे नाहीत, हा नियम विमलाकाकूचा. चिचोके लावायचे. अन् दुसरा नियमही तिचाच. बँकेनं आपला उघडा पत्ता मोठ्यानं बोलून दाखवायचा, कारण ओट्याच्या पायऱ्यायवर लोक बसत, दारात बाया उभ्या राहत, अन् दर डावाले कोणीतरी विचारे, काय आलं, काय आलं. काकू गेली, नियम राहिले.

काकू गेली म्हणजे कशी, तेही सांगतो. पित्ताच्या खड्यायचं साधं ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणे, दोन दिवसात घरी. काकू स्वतः दीपमालाच्या वेणीले रिबीन बांधून, हसत गेली. परत आली ते ॲम्ब्युलन्समधी. तवापासून काका दवाखान्याच्या रस्त्यानं जात नाहीत. ताप आला तं काढा, दाढ दुखली तं लवंग.

दीपमालानं पुढं ई-रिक्शा घेतली. सारा पारा, म्हणजे मोहल्ला, हसला. पोट्टी अन् रिक्शा! पहिल्या दिवशी कोणी बसेना. तं काका इस्त्रीचा बुशशर्ट घालून आले, मागच्या सीटवर बसले अन् म्हणे, "सदर बाजार." तिथं त्यायले काहीच काम नव्हतं. सोनारायच्या, कपड्याच्या दुकानायपुढून गेले अन् आले. वळणावर हिनं एका स्कूटरवाल्याले असा कट मारला की काका सीटवरून घसरले. तरी उतरून पाऱ्यातल्या सगळ्यायले ऐकू जाईल असं म्हणे, "वा! लोण्यासारखी चालवते."

हे असं असते मंग. अशा माणसासाठी दीपमाला कोणाचंही डोकं फोडन.

या वर्षी पावसाळा सरता सरता तिच्या ध्यानात आलं. काकानं पाणी ओतलं अन् ते गिलासाच्या बाजूले ओतलं. मंग एक दिवस ती हातभर अंतरावर येऊन उभी राहिली तं काका म्हणे, "कोण?"

"काका, दिसत नाही काय तुम्हाले?"

"दिसते की. उजेड कमी आहे."

भर दुपार होती.

तिनं त्यायले धरून खाली बसवलं, डोळ्यात पाह्यलं. बुबुळावर दुधाची साय धरल्यासारखं. मोतीबिंदू. ते तं तिच्या नववीपर्यंतच्या डोक्यालेही कळलं.

"दवाखान्यात चला."

"नाही."

"अहो, आजकाल अर्ध्या घंट्यात..."

"त्यायनं दोन दिवस म्हटलं होतं," काका म्हणे. एवढंच. मंग थोड्या वेळानं, "अन् तू कोणाले बोललीस तं तुझं तोंड नाही पाहणार."

"तसंही कुठं दिसते तुम्हाले!"

काका हसले, पण हात तिचा घट्ट धरला. तिनं वचन देऊन टाकलं. तवापासून सवारी घेऊन बस स्टँडकडं जायची अन् मधातूनच वळून यायची, काकानं गॅस बंद केला की नाही पाहाले. सवाऱ्या शिव्या देत. देऊ दे.

पत्ते मात्र काका खेळतच. कसं, हे फक्त तिले माहीत. गड्डी जुनी, लिबलिबीत. बदामाच्या सत्तीवर मेणाचा थेंब, किलवरच्या पंजीचा कोपरा उंदरानं खाल्लेला, चौकटच्या नव्वीले मधून घडी. काका बोटानं वाचत.

अन् मंग दिवाळीले सचिन आला.

सचिन म्हणजे काकाचा पुतण्या, नागपूरले राहते, मोठ्या हापिसात आहे. माणूस वाईट नाही, हीच तं पंचाईत. वाईट असता तं दीपमालानं एका वाक्यात उडवला असता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काकानं पणतीत तेल टाकलं, अन् तेल पायरीवर सांडत राहिलं. सचिननं पाह्यलं. त्या वक्ती काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणे, "काका, बॅग भरा. तुम्ही आता एकटे राहाचं नाही. माझ्या फ्लॅटवर चला."

"मी काहून येऊ? मले सगळं दिसते."

"दिसते?"

"बरोबर दिसते."

"चौथ्या माळ्यावर गॅलरी आहे, हवा आहे..."

"तलाव आहे काय?"

सचिननं डोकं खाजवलं. दीपमाला दारात उभी राहून नख खाऊन राहिली होती. शेवटी सचिन म्हणे, "ठीक आहे. आज दुपारी ओट्यावर इक्कीस आहे ना? बँक तुम्ही करा. सगळे उघडे पत्ते बरोबर बोलले तं मी पुन्हा हा विषय काढणार नाही. एक जरी चुकला, उद्याच्या गाडीनं नागपूर. मंजूर?"

काकाले आपल्या गड्डीवर भरोसा होता. "मंजूर," म्हणे.

दीपमालाच्याही जिवात जीव आला. बावन्न पत्ते बोटायच्या ओळखीचे. चुकतील कायले?

दुपारी चटई पसरली. काका उंबरठ्याले टेकून बसले, उजव्या हाताले दीपमाला, पायरीवर दिवाकर काका. हे सदर बाजारात कपड्याच्या दुकानात मुनीम होते, अन् पत्त्यायपेक्षा त्यायचं लक्ष करंजीच्या ताटावर जास्त. कांताबाई अन् बाया दारात. सचिन पाहाले उभा. काकानं खिशातून गड्डी काढली, तसं सचिननं पिशवीतून एक डबी काढून पुढं ठेवली.

"काका, तुमच्यासाठी दिवाळीचं. जुनीच्या तं चिंध्या झाल्या. हे प्लास्टिकचे आहेत, धुतले तरी चालतात."

काकानं डबी उघडली. नवे कोरे पत्ते, माशासारखे गुळगुळीत. काकाची बोटं त्यायच्यावरून फिरली, फिरली, अन् थांबली.

दीपमालाच्या पायाखालची चटईच कोणी ओढल्यासारखं झालं.

"जुनीच चांगली आहे," ती म्हणाली. "हात बसलेला आहे."

"अरे बावा, गिफ्ट आहे!" दिवाकर काका म्हणे. "नवी गड्डी, नवं साल. वाटा!"

सचिनले काही माहीत नव्हतं. त्यानं खरंच प्रेमानं आणली होती. त्याच्या थोबाडीत मारावं अन् पायही पडावं असं दीपमालाले एकदमच वाटलं.

पहिला डाव. काकानं आपला पत्ता उघडा ठेवला, अन् ते बोलायच्या आत हीच ओरडली, "सत्ती आली रे सत्ती! बँक मेली!"

"सत्ती," काका म्हणे.

दुसरा डाव. "दश्शी! अगं माय, आता काय करू?"

"दश्शी," काका म्हणे.

तिसऱ्या डावाले सचिन म्हणे, "दीपमाला, तू चूप बस बरं. काकाले बोलू दे."

"मी नेहमी ओरडते! विचारा दिवाकर काकाले."

"हव, ओरडते," दिवाकर काका करंजी खाता खाता म्हणे. "कान फुटते आमचे."

"आज नको ओरडू," सचिन म्हणाला, अन् त्याचा आवाज बदलला होता.

ती चूप बसली. तिले चूप बसता येत नाही, घामच फुटला. काकानं पत्ता उघडला. चित्राचा पत्ता भरलेला असते, दाट दिसते. काका थोडं थांबून म्हणे, "बादशाह." बरोबर. पुढच्या डावाले एक्का. एक्का मोकळा असते, मधात एकच ठिपका. "एक्का." तेही बरोबर. सचिनच्या कपाळावरच्या आठ्या कमी झाल्या. दीपमाला मनात म्हणून राहिली, बस, आता बस, उठा आता कोणीतरी.

"शेवटचा डाव," दिवाकर काका म्हणे. "मंग जेवू."

काकानं वाटले. दीपमालाले दश्शी अन् पंजी, पंधरा. तेवढ्यात गल्लीत गड़वा बाजा वाजला. गोवर्धनाचा दिवस, राऊत नाचाची, म्हणजे गवळ्यायच्या नाचाची, टोळी आली होती. कौड्यायचे जॅकेट, मोरपंख, हातात लाठ्या. सगळ्यायनं माना वळवल्या, सचिननंही. त्याच वक्ती काकानं आपला पत्ता उघडा ठेवला अन् मोठ्यानं म्हणे, "नव्वी!"

छक्की होती. लाल, ठसठशीत, बदामाची छक्की.

दीपमालानं विचार नाही केला. विचार करायची तिची पद्धतच नाही. करंजीचं ताट उचललं अन् त्या पत्त्यावर ठेवून दिलं.

सचिन वळला. "काय आलं काकाले?"

"नव्वी," काका म्हणे.

"नव्वी," दीपमाला म्हणाली.

सचिननं ताटाकडं पाह्यलं. मंग तिच्याकडं. "ठीक आहे. शेवटी तं उघडतोच ना पत्ता. खेळा."

बाजा पुढं गेला. दिवाकर काकानं एक मागितला अन् जळाले. आता ही एकटीच. तिच्या डोक्यात सगळं एकदम फिरून राहिलं. हिनं बस म्हटलं तं बँक उघडणार. ताट उचलणार. सगळ्यायच्या समोर छक्की. उद्याची गाडी, चौथा माळा. अन् तलावाची चक्कर कोणाची? पण ही जळाली तं? तं सगळेच जळाले. पत्ते गोळा. ताटाखालचा पत्ता ती स्वतः उचलून गड्डीत घालन, कोणाले काय माहीत!

म्हणजे जळाचं. जिंदगीभर नको असता जळली, आज मुद्दाम जळायचं.

"आणखी," ती म्हणाली.

यात वावगं काही नव्हतं. समोर नव्वी अन् आपले पंधरा, काकानंच शिकवलेलं. सचिनलेही खेळ समजते, त्यानं मान हालवली. पत्ता आला. तिर्री.

"अठरा!" दिवाकर काका म्हणे. "बस म्हण, चांगलं आहे."

"आणखी."

"अगं अठरावर?"

"माझं नावच आणखी आहे. द्या काका."

दारातल्या बाया हसल्या. कांताबाई म्हणे, "हिची ही सवय जाणार नाही." काकाही हसले, पत्ता दिला. तिनं डोळे मिटले अन् पलटवला. चित्र येऊ दे, अठ्ठी येऊ दे, काहीही मोठं येऊ दे.

दुर्री.

"वीस!" दिवाकर काकानं टाळी वाजवली. "वीस झाले पोट्टीचे! नशीब पाहा बे!"

आयुष्यात मागून तिले कधी वीस आले नव्हते. जवा पाह्यजे तवा अठरावर बादशाह येऊन जाळून टाके. अन् आज, आज मेलं नशीब मांडीवर येऊन बसलं.

सचिन तिच्याकडं पाहून राहिला होता. वीसवर कोणी मागत नाही. येडा माणूसही मागत नाही. मागितलं तं सचिनले समजणार, नाही मागितलं तं ताट उचलल्यावर समजणार. तिचा पाय जोरजोरानं हालून राहिला. चटईच्या काड्या करकरून राहिल्या. तिनं काकाकडं पाह्यलं. काका हसून राहिले होते, तिच्या वीसच्या खुशीत. त्यायले वाटून राहिलं होतं, पोट्टी जिंकली.

"आणखी," ती म्हणाली.

दिवाकर काकाची करंजी तोंडाशीच थांबली. मंग दारातून एक पोट्टी हिंदीत खिदळली, "दीदी, बीस पे कौन माँगता है?"

काकानं गड्डीवरून पत्ता ओढला होता. हात अर्ध्यात थांबला. हसू हळूहळू उतरलं.

"वीसवर?" काका म्हणे.

"हव. वीसवर. द्या."

"काहून?"

"माझे पत्ते, माझी मर्जी. द्या ना!"

काकानं पत्ता दिला नाही. तसाच धरून बसले, उलटा. त्यायनं तिले लहानपणापासून खेळवलं होतं. अठरापर्यंत तिचा उतावीळपणा त्यायले पाठ होता. वीसवरचं हे दुसरंच काही होतं.

"दीपमाला," ते हळूच म्हणे, "नव्वी नव्हती काय?"

"नव्वीच आहे!" ती ओरडली. "मी पाह्यली! नव्वी आहे म्हटलं ना! पत्ता द्या!"

काकाचा हात चाचपत ताटापाशी गेला. दीपमालानं ताट दाबून धरलं. त्यायनं तिची बोटं एक एक करून सोडवली, जसं लहान पोराच्या मुठीतून काही काढते तसं. ताट बाजूले सरकवलं.

"सचिन, तू वाच."

सचिननं वाकून पाह्यलं. थोड्या वेळानं म्हणे, "छक्की आहे काका."

"छक्की असून पंधरावर मागितलं?" दिवाकर काका म्हणे. "काही डोकं..."

"तुम्ही करंजी खा हो!" दीपमाला भडकली.

सचिन पायरीवर बसला. जिंकल्यासारखा नाही, थकल्यासारखा. "काका, ठरलं ते ठरलं. मी काही दुश्मन नाही तुमचा. रात्री झोप येत नाही मले. इथं तुम्ही पडले, भाजले, तं मी नागपूरहून येतपर्यंत..."

"घेऊन जा!" दीपमाला उभीच झाली. "घेऊन जा, अन् गॅलरीत ठेवा कुंडीसारखे! डोळे तिथंही असेच राहणार! डोळ्याचं काय करसान ते नाही बोलत कोणी!"

"दीपमाला," काका म्हणे, "वचन..."

"तुटलं वचन! सगळ्यायले माहीत झालं आता, कायचं वचन!" तिचा आवाज फाटला. "मोतीबिंदू आहे सचिन भैया. पिकलेला. दवाखान्यात जात नाहीत. काकू गेली होती तं जिवंत परत आली नाही म्हणून जात नाहीत."

दारातल्या बायायनं तोंडाले पदर लावला. काकू हे नाव त्या ओट्यावर असं कोणी काढत नसे.

दीपमाला काकापुढं उकिडवी बसली, त्यायच्या तोंडाशी तोंड नेलं, म्हणजे दिसलं पाह्यजे. "काका, तुमच्याजवळ बारा आहेत. अन् समोर बादशाह आहे. बसून राहिले तं हरणारच आहात, घर जाईल, तलाव जाईल, मी जाईन. मले कोणी शिकवलं, भेव वाटलं तरी मागायचं म्हणून? का ते फक्त मलेच शिकवाले होतं?"

"अन् जळालो तं?"

तिले खोटं बोलता आलं असतं. आज बरंच बोलली होती. "तं जळाले," ती म्हणाली. "मी आहे ना बाहेर बसलेली."

गल्लीच्या टोकावर बाजा पुन्हा वाजून राहिला होता. काका हातातला तो उलटा पत्ता अंगठ्यानं घासत राहिले.

"आणखी," काका म्हणे.

"काय?" सचिनले समजलं नाही.

"मागून राहिलो मी. आणखी एक." त्यायचा आवाज चिचोक्यासारखा कोरडा. "इथंच करा काय करायचं ते. रायपुरात. चांगलं दिसलं तं मी ओटा सोडणार नाही. नाही दिसलं तं तुझी गॅलरी."

सचिननं मान हालवली, मंग काकाले ते दिसणार नाही हे ध्यानात आलं, अन् म्हणे, "मंजूर."

काकानं तो उलटा पत्ता दीपमालाच्या हातात दिला. "हा तुझा. वीसवर मागितलेला. पाहू नको. पट्टी निघाली की मीच वाचीन, जळाली का नाही ते."

दीपमालाले लिफाफा आला तं ती रस्त्यातच फाडते. तिनं पत्ता घेतला, रिक्शाच्या समोरच्या खणात ठेवला, वरून चिंधी टाकली. रोज तिचा हात तिकडं जाई. रोज ती स्वतःच्या हातावर मारे. लाल बत्तीवर तं फारच जाई.

ऑपरेशनच्या दिवशी सचिन नागपूरहून आला. काकाले हिरवा झगा घातला. त्यायचा हात एवढा थंड की दीपमालानं तो आपल्या काखेत धरून ठेवला. सिस्टर म्हणे, "आप कौन हो इनकी?"

"ड्राइवर."

"घरवाले कौन हैं?"

"वो भी मैं ही हूँ."

दार बंद झालं. सचिन बाकावर बसून मोबाईल पाहून राहिला, पण बोट एकाच जागी. दीपमाला पाण्याच्या टाकीपर्यंत जाई, दारापर्यंत येई, टाकीपर्यंत जाई.

"बस ना बावा," सचिन म्हणे, "मले चक्कर येऊन राहिली."

"मी बसली तं मले येते."

आत कोणाचा तरी ट्रे पडला, खणकन. तिनं दारावर थाप मारली. आतून सिस्टर बाहेर आली अन् तिले एवढी झापली की शाळेतल्या सरची आठवण आली. त्या दिवशी ती बाहेर निघून गेली होती. आज गेली नाही. भिंतीले पाठ लावून तिथंच खाली बसली, दोन्ही गुडघे हातानं दाबून धरले, तरी ते हालतच होते.

मंग दार उघडलं. काका आपल्या पायानं आले, एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसऱ्यावर तीच साय. सिस्टरनं सांगतलं, पट्टी उद्या सकाळी निघेल, तोपर्यंत वाकू नका, अन् गाडीत धक्का बसू देऊ नका.

"जळालो नाही अजून," काका म्हणे.

दीपमाला तडक उठली. तिनं त्यायले रिक्शात बसवलं, मागं उशी लावली. सचिन बाजूले बसला. काका म्हणे, "पत्ता?"

तिनं खणातून काढून हातात दिला.

"पाह्यला नाही ना?"

"आईशप्पथ नाही."

"झूट."

"एकदा कोपरा पाह्यला," ती म्हणाली. "लाल आहे एवढंच."

काका खुदकन हसले. पत्ता बुशशर्टाच्या खिशात टाकला, वरून थोपटला. "उद्या."

"आजच सांगा ना. पट्टी थोडीशी वर करून..."

"उद्या, पोट्टी."

तिनं रिक्शा चालू केली. सदर बाजाराच्या तोंडाशी आली तं समोर खड्डा, अन् मंग दुसरा खड्डा. ती अशी चालवून राहिली होती जशी डोक्यावर भरलेली घागर आहे. सायकलवाले पुढं निघून गेले. एक हातठेला पुढं गेला. मागं स्कूटरायची रांग लागली, हॉर्नावर हॉर्न, एक पोट्टा ओरडला, "अरे चलाना नहीं आता तो घर बैठ!"

बाकी कोणताही दिवस असता तं तिनं रिक्शा आडवी लावून त्याले उतरवला असता. तिनं फक्त मान बाहेर काढली.

"आंधळा है क्या बे! दिखता नहीं, पेशंट है पीछे!"

मागून काकाचं हसू फुटलं. एवढं, की सचिननं घाबरून त्यायचं डोकं धरलं, "काका, हालू नका, हालू नका!" दीपमालानं ब्रेकवरचा पाय उचलला नाही. हॉर्न वाजत राहिले, अन् रिक्शा तशीच, मुंगीच्या चालीनं, तलावाकडं वळली.